शिबिरात कॅप्सूल वाटू नका, वजनं आणा

पहाटे तळजाईवर, वेताळ टेकडीवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर गेलं तर गर्दी पांढऱ्या केसांचीच जास्त दिसते. साठीनंतर हलतं-चालतं राहण्याची हौस पुण्यात भरपूर आहे आणि तिचं कौतुकच करायला हवं. पण यातल्या बऱ्याच जणांच्या औषधांच्या डब्यात आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची हिरवी मऊ कॅप्सूल, दुसरी क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची नारिंगी चघळायची गोळी. कुणाला पायात गोळे येतात म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली असते, कुणाला मुलीने परदेशातून डबा पाठवलेला असतो, तर कुणाला सोसायटीच्या आरोग्य शिबिरात प्रायोजकाची स्ट्रिप फुकट मिळालेली असते. ‘व्यायाम करताय ना, मग शरीराची झीज होते, हे घेत जा,’ हा सल्ला सगळीकडे सारखाच.

हा सल्ला बंद व्हायला हवा. एखादी कमतरता तपासून निघाली असेल किंवा डॉक्टरांनी ठरावीक आजारासाठी गोळी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही नसताना व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांना मोठ्या मात्रेतली अँटिऑक्सिडंट (म्हणजे पेशींची झीज थोपवणारी मानलेली) जीवनसत्त्वं देण्यात फायदा दिसलेला नाही, आणि व्यायामाने जे कमवायचं त्यातलंच थोडं गमावण्याची शक्यता आहे. शिबिरं भरवणाऱ्या संस्थांची आणि महापालिकेची जबाबदारी इथे व्यक्तीपेक्षा मोठी आहे, कारण त्यांच्या हातून दिलेली गोळी लोक औषध समजून विश्वासाने घेतात.

या सल्ल्यामागचा तर्क मुळात मूर्खपणाचा नाही. १९५६ साली डेनहॅम हारमन यांनी मांडलं की, पेशींत तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे शेजारच्या रेणूंना इजा करणारे अस्थिर रेणू, हे म्हातारपणाचं एक कारण असावं. पुढे १९८०च्या दशकात व्यायाम करताना स्नायूंमध्ये हे रॅडिकल्स वाढतात, असं प्रयोगांत दिसलं. वय वाढेल तसं शरीराचं स्वतःचं संरक्षण दुबळं होतं, हेही खरं. मग बेरीज सोपी वाटते: म्हातारपण अधिक व्यायाम म्हणजे दुप्पट झीज, आणि ती थोपवायला क आणि ई.

ही बेरीज चुकते ती एका जागी. व्यायामात तयार होणारे रॅडिकल्स नुसती नासधूस करत नाहीत, स्नायूला बदलायला सांगणारा निरोपही तेच पोचवतात. ताण आला की थोड्या काळासाठी त्यांचं प्रमाण वाढतं. त्यावरून पेशीतली नियंत्रक प्रथिनं जागी होतात, नवे मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) तयार होऊ लागतात आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही शरीराची स्वतःची संरक्षक विकरं वाढतात. म्हणजे नियमित व्यायाम करणाऱ्याची अँटिऑक्सिडंट क्षमता व्यायामानेच वाढते. रोज सकाळी बाहेरून ग्रॅमभर क जीवनसत्त्व ओतलं तर निरोप वाटेतच विरण्याचा धोका असतो.

हे केवळ कागदावरचं नाही. जर्मनीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे ४० तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट (जीवनसत्त्वं मोजण्याचं आंतरराष्ट्रीय माप) ई मिळत होतं. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांचा सुधारला नाही. घरोघरी मधुमेह असलेल्या शहराने हा निष्कर्ष दुर्लक्षू नये. नॉर्वेत २०१४ साली वजनं उचलणाऱ्या तरुणांच्या स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये प्रथिनबांधणी चालू करणारे काही संकेत क्षीण झालेले आढळले.

‘ही सगळी तरुण मंडळी, आमचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणून वयस्कांवरचे दोन प्रयोग नीट बघायला हवेत. नॉर्वेतच ६० ते ८१ वयाच्या ३४ पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. एका गटाला रोज १००० मिलिग्रॅम क आणि २३५ मिलिग्रॅम ई, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ३.९ टक्क्यांनी वाढलं, जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचं १.४ टक्क्यांनी. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी पहिल्यांची १६.२ टक्के वाढली, दुसऱ्यांची १०.९ टक्के. घाम दोघांनी सारखाच गाळला होता. दुसरा प्रयोग डेन्मार्कचा, २०१३ मधला. पासष्टीच्या आसपासच्या २७ पुरुषांनी आठ आठवडे जोरकस व्यायाम केला. काहींना रोज २५० मिलिग्रॅम रेस्व्हेरॅट्रॉल दिलं होतं, म्हणजे द्राक्षांच्या सालीतलं ते द्रव्य जे ‘तारुण्य टिकवणारं’ म्हणून विकलं जातं. न घेणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता घेणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी अधिक वाढली. रक्तदाबही त्यांचाच उतरला.

आता दुसरी बाजू. नॉर्वेच्या त्याच प्रयोगात दोन्ही गटांची उचलण्याची ताकद सारखीच वाढली, म्हणजे गोळ्यांनी सगळं वाया घालवलं असं कुणी म्हणू नये. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये २००८ साली सहा महिन्यांच्या प्रयोगात तर उलटंच दिसलं होतं: व्यायाम आणि गोळ्या दोन्ही असलेल्या वृद्धांचंच चरबीविरहित वजन वाढलं. पण ती प्राथमिक चाचणी होती आणि गट लहान होते. ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व मुळातच कमी आहे त्यांना पूरक दिल्यावर फायदा झाल्याचंही एका अभ्यासात आढळलं आहे. तेव्हा ‘या गोळ्या विष आहेत’ असा प्रचार मी करणार नाही. मुद्दा इतकाच की, रोज घ्यायच्या वस्तूने आपली उपयुक्तता सिद्ध करायची असते. पन्नास-साठ वर्षांच्या जाहिरातीनंतरही या वस्तूला व्यायाम करणाऱ्या निरोगी ज्येष्ठांच्या बाबतीत ते जमलेलं नाही.

‘उपयोग नसला तरी तोटा काय’ असं म्हणणाऱ्यांनी मोठ्या चाचण्यांचे आकडे पाहावेत. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं ते अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हा निष्कर्ष १९९४ चा आहे. बीटा कॅरोटीन आजही कित्येक मल्टीव्हिटॅमिनच्या घटकांत असतं आणि मेडिकलच्या काउंटरवर ‘विडी-सिगारेट ओढता का’ असं कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला; ते २०११ साली प्रसिद्ध झालं. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ७८ चाचण्या आणि जवळपास तीन लाख माणसं होती. आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, बीटा कॅरोटीन आणि ई यांनी तर मृत्यूचं प्रमाण किंचित वाढत असावं असं दिसलं. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कृतिदलाने २०२२ साली हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी ही दोन्ही घेऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं.

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांसोबत मोठ्या मात्रेत ई घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर ही कॅप्सूल ‘साधी शक्तीची गोळी’ म्हणून सांगायची राहून जाते, आणि नेमकी तीच सांगायला हवी असते. क जीवनसत्त्वाचं अतिरिक्त प्रमाण काही अंशी ऑक्झलेट (बहुतेक मूतखडे ज्याचे बनतात तो क्षार) होऊन लघवीतून जातं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मूतखडा होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास निघालं. ज्यांना आधी खडा होऊन गेला आहे त्यांनी ग्रॅमभराच्या गोळीच्या वाटेला जाऊच नये.

मात्रेचं गणितही घरात बसून तपासता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे क जीवनसत्त्वाची रोजची गरज पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम आहे. मंडईतल्या एका मध्यम, शंभर ग्रॅमच्या पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क असतं. २०० मिलिग्रॅमपर्यंत आतडं जवळजवळ सगळं शोषून घेतं. ५०० च्या पुढे शोषण घटतं आणि शोषलेलं बहुतेक मूत्रपिंडावाटे बाहेर टाकलं जातं. ई जीवनसत्त्वाची गरज दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या घरात, आणि कॅप्सूल ४०० ची. शेंगदाणे, तीळ, तेल, पालेभाजी यांतून गरजेपुरतं ई मिळतं. पेरू, आवळा, संत्रं खाऊन व्यायामाचं नुकसान होईल का, अशी भीती कुणी बाळगू नये. प्रयोगांतल्या मात्रा फळांतून गाठणं रोजच्या खाण्यात होत नाही. मोरावळ्याबद्दल आक्षेप आहे तो त्यातल्या साखरेबद्दल, तोही मधुमेह असलेल्यांसाठी.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो, कारण लेख वाचून लोक सगळाच डबा रिकामा करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) झिजेसाठी क, ई, झिंक, ल्युटीन असलेली गोळी दिली असेल तर ती त्या आजाराच्या विशिष्ट टप्प्यावर उपयोगी ठरलेली आहे. फॅटी लिव्हरच्या एका प्रकारात पोटविकारतज्ज्ञ ई देतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व हा तर पूर्ण वेगळा विषय आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमीची असते, ती तपासून भरून काढायलाच हवी. ‘अँटिऑक्सिडंट नको’ याचा अर्थ ‘जीवनसत्त्वं नकोत’ असा लावू नका.

व्यायामानंतर अंग दुखतं म्हणूनही या गोळ्या घेतल्या जातात. कॉक्रेनने २०१७ साली ५० चाचण्या आणि हजारावर माणसं तपासली. दुखण्यात पडणारा फरक इतका किरकोळ होता की, तो माणसाला जाणवेल की नाही याचीच शंका. हे दुखणं २४ ते ७२ तासांत वाढतं आणि आपोआप ओसरतं. त्याला पुढच्या वेळी थोडं हलकं वजन आणि एक दिवसाची विश्रांती पुरते.

गोळी विरुद्ध व्यायाम याचा निकाल लावणारा, माझ्या मते सगळ्यात बोलका प्रयोग बोस्टनमधला आहे. १९९४ साली एका वृद्धनिवासातल्या १०० रहिवाशांचे चार गट केले. सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वाढत्या वजनाचा व्यायाम, काहींना पोषणाचं पेय, काहींना दोन्ही, काहींना यापैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीच्या वर गेली. चालण्याचा वेग आणि जिने चढण्याची क्षमता सुधारली. व्यायामाशिवाय नुसतं पेय घेणाऱ्यांना काही लाभ झाला नाही. सत्त्याऐंशीच्या वयात, वॉकर धरून चालणाऱ्या माणसांत हे होऊ शकतं, तर सत्तरीतल्या पुणेकराला ‘आता कुठे वजनं’ म्हणत कॅप्सूल हातावर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

यातला ‘वाढत्या वजनाचा’ हा शब्द आपल्याकडे गळून पडतो. टेकडी चढणं हृदयाला, श्वासाला, मनाला उत्तम. पण रोज तोच चढ, तेच शरीराचं वजन. काही आठवड्यांनी स्नायूला त्यात नवं काही राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ नंतर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमांसोबत किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. पहिला भाग पुणं मनापासून पाळतं, दुसऱ्या दोहोंचा पत्ता नाही.

महापालिकेने बागांमधून ओपन जिम बसवल्या, हे चांगलं केलं. पण त्या यंत्रांजवळ पाच मिनिटं उभं राहून बघा. एअर वॉकरवर पाय लंबकासारखे हलतात, श्रम जवळपास शून्य, आणि उतरताना पायाखालची फळी हलली की तोल जातो. बसून ओढायच्या किंवा रेटायच्या यंत्रात भार असतो तो आपल्याच शरीराचा. तो ना कमी करता येत ना वाढवता. गुडघ्याच्या दुखण्यातून उठलेल्या बाईंना तो झेपत नाही, आणि वर्षभर येणाऱ्या गृहस्थांना तो पुरत नाही. शेजारी सांगणारा माणूस नसतो. यंत्राच्या पाटीवर ‘१० ते १५ वेळा करा’ लिहिलेलं असतं, तेच आयुष्यभर. तूर्तास त्यातून जास्त मिळवायचं असेल तर खाली येताना मनात चार मोजत सावकाश या आणि झेपत असेल तर एका हाताने किंवा एका पायाने रेटा.

घरी सुरुवात खुर्चीपासून करता येते. बैठकीची उंची जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर हवी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर मागे सरकते आणि माणूस बसका आपटतो, म्हणून लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. सोफा नको, तो खोल असतो. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं आणि वेळ मोजायची. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर स्नायूंच्या झिजेची शंका घ्यावी. जोडीला पोटरीचा सर्वांत जाड भाग शिंप्याच्या टेपने मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

व्यायाम म्हणून हेच आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. ८ ते १२ वेळा उठणं, दोन मिनिटं थांबणं, पुन्हा तेवढंच. शेवटची दोन उठणी कष्टाची वाटायला हवीत. वाटत नसतील तर तो व्यायाम ताकदीचा राहिला नाही. दोन्ही फेऱ्यांत बारा सहज होऊ लागले की, सॅक छातीशी धरून त्यात किलोचं तांदळाचं पाकीट टाकायचं, मग दोन, मग तीन. त्यासोबत भिंतीवर हात टेकून रेटणं, ओटा धरून टाचा उचलणं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढ-उतर आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून छातीकडे ओढणं. पाच प्रकार पुरे.

चुका ठरलेल्या असतात. उठताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उठताना तोंडाने श्वास सोडायचा. गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवेत. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरची, नाडी मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांची नाडी श्रमाच्या मानाने वाढत नाही, त्यांनी नाडीऐवजी बोलता येतंय का यावरून श्रम ओळखावेत. छातीत दुखणं, नव्याने लागलेली धाप, मोतीबिंदूचं किंवा हर्नियाचं ताजं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टर.

आणि मग ताट. ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं २०१३ साली तज्ज्ञांच्या गटाने सुचवलं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता आपल्या नेहमीच्या शाकाहारी दिवसाची बेरीज करू. दोन कप चहातलं दूध ३ ग्रॅम, बशीभर पोहे ५, चार पोळ्या ११, वाटीभर पातळ वरण ४, थोडा भात ३, भाज्या ३, पेलाभर ताक २. झाले ३१. गरजेच्या निम्मे. वाटीभर मटकीची उसळ (४० ग्रॅम कोरडी) ९, पेलाभर दूध ६, पन्नास ग्रॅम पनीर ९, मूठभर शेंगदाणे ७, एवढी भर घातली की साठी गाठली जाते. खाणाऱ्यांना दोन अंडी १२ ग्रॅम देतात. व्यायामाच्या दिवशी यातला मोठा वाटा सकाळच्या न्याहारीत यावा; आपल्याकडे सकाळी चहा-बिस्किटं आणि प्रथिनं रात्री, असा उलटा कारभार असतो. कॅप्सूलवर जाणारे पैसे इथे वळवले तर स्नायूला खरोखर लागणारी वस्तू मिळेल.

ज्येष्ठ नागरिक संघांनी शिबिराचा प्रायोजक स्वीकारताना एकच अट घालावी: गोळ्यांचं वाटप नाही. पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं उत्पादन आरोग्य शिबिरात वाटण्याला काय अर्थ आहे? त्या पैशांत अर्धा, एक, दोन आणि तीन किलोचे डंबेल, तीन वेगवेगळ्या ताणांचे रबरी पट्टे आणि वीस भक्कम खुर्च्या येतात, आणि त्या पुढची दहा वर्षं टिकतात. महापालिकेकडे विरंगुळा केंद्रं आहेत, जागा आहे. तिथे आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट किंवा प्रशिक्षित व्यायामशिक्षक नेमावा, एका वेळी बारा-पंधरा जणांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि बागेतल्या नव्या यंत्रांच्या निविदेत ‘भार कमी-जास्त करण्याची सोय’ ही अट लिहावी. केंद्रात एक वही ठेवावी. तीत प्रत्येकाचे पाच उठण्यांचे सेकंद, पोटरीचं माप आणि चालू वजन दर १२ आठवड्यांनी लिहावं. ज्याचे सेकंद घटले नाहीत त्याचं वजन वाढवलं गेलं आहे का ते आधी बघावं, मग त्याच्या न्याहारीची चौकशी करावी, आणि तरीही फरक नसेल तर थायरॉइड, बी-१२, ड आणि साखर तपासायला त्याला डॉक्टरांकडे पाठवावं.